बदलाची दवंडी

पूर्वी गावात काही नवे ठरले की चावडीपासून वेशीपर्यंत दवंडी फिरायची. पाणी कधी सुटणार, बाजार कोणत्या वारी भरणार, हे प्रत्येकाच्या कानावर घातले जायचे. ठरवणे हे निम्मे काम आणि सर्वांना सांगणे हे उरलेले निम्मे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींनाही हेच शहाणपण शिकावे लागले. त्यांच्या दवंडीला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली.

आज्ञावली म्हणजे काय, हे सोलापूरकरांना फार समजावून सांगायला नको. जेकार्ड चादरीवरचा मोर विणकर हाताने काढत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असत आणि कोणता धागा उचलायचा, कोणता सोडायचा, हे ती भोके मागाला सांगत. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये ही युक्ती मागावर बसवली. एक भोक चुकले की मोराची मान प्रत्येक चादरीवर वाकडी! समजा, एका मागावरची पट्टी दुरुस्त केली आणि शेजारच्या मागावर कळवलेच नाही, तर एकाच गठ्ठ्यात दोन तऱ्हेचे मोर निघतील.

संगणकाच्या जगात नेमकी हीच अडचण होती. १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी आज्ञावलीतील फेरबदलांचे दप्तर ठेवणारी व्यवस्था तयार केली. कोणती ओळ बदलली, कोणी बदलली, केव्हा आणि कशासाठी, याची त्यात नोंद राही. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचे साधन दिले. त्यामुळे अख्खी आज्ञावली पाठवण्याऐवजी बदललेल्या तेवढ्याच ओळी पत्राने धाडता येऊ लागल्या. त्याच सुमारास अॅमस्टरडॅममध्ये डिक ग्रून हे प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी एकाच आज्ञावलीवर काम करत होते. तिघांच्या कामाच्या वेळा मात्र जुळत नव्हत्या. या अडचणीतून ‘सीव्हीएस’ जन्मले आणि १९८६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. दुरुस्ती दप्तरात जमा झाली की सर्वांना आपोआप ई-मेल जाईल, अशी सोय त्यात करता येई. ‘ऐका हो ऐका’ म्हणणारा दवंडीवाला असा यंत्रात आला.

या दवंडीचे मोल कळले ते ५ नोव्हेंबर २००३ रोजी. ‘लिनक्स’ ही जगभरातील हजारो लोकांनी मिळून घडवलेली प्रणाली. तिचे मूळ दप्तर एकीकडे आणि लोकांच्या सोयीसाठी ठेवलेली नक्कल दुसरीकडे, अशी तेव्हा रचना होती. कोणीतरी या नकलेत शिरून दोन ओळी घुसवल्या. त्यांतला सगळा खेळ ‘बरोबर’ या चिन्हाचा होता. ते चिन्ह दोनदा लिहिले तर तो प्रश्न होतो, ‘हा मालक आहे का?’ एकदाच लिहिले तर तो हुकूम होतो, ‘हा मालक होवो!’ उर्दूत एक नुक्ता वरून खाली सरकला की ‘ख़ुदा’चा ‘जुदा’ होतो आणि मराठीत एक वेलांटी बदलली की ‘दिन’ ‘दीन’ होतो. तसाच हा घाव! तो पकडला गेला, कारण त्या बदलाची मूळ दप्तरात नोंदच नव्हती. दवंडी न पिटता आलेला बदल चोर ठरला.

पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही नवी व्यवस्था लिहिली. तिच्यात प्रत्येक बदलाला चाळीस अक्षरी खूण मिळाली आणि त्या खुणेत आधीच्या बदलाची खूणही गुंफली गेली. मागचे एक अक्षर कोणी गुपचूप बदलले, तर पुढची सारी साखळी बोंब मारते.

हे सारे परक्यांचे वाटत असेल तर आपल्या मराठीकडे पाहू. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. पण जागा मिळाली म्हणून अक्षर पडद्यावर उमटत नाही. टंक तयार करणाऱ्या आणि कळफलक आखणाऱ्या प्रत्येकापर्यंत ही बातमी पोहोचावी लागते. जिथे ती पोहोचत नाही, तिथे वाचकाला अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसतो. पुण्यातल्या अभियंत्यांचा हात लागलेल्या ‘लोहित’सारख्या खुल्या टंकाचा लाभ इथे कळतो. त्यातली दुरुस्ती कोणीही पाहू शकतो, तपासू शकतो आणि आपल्याकडे घेऊ शकतो.

पण नुसती दवंडी पुरत नाही, हे २०२४ ने शिकवले. ‘एक्सझेड’ नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षे मदतनीस म्हणून वावरून विश्वास मिळवला आणि मग चोरवाट ठेवली. तिचे काही तुकडे चाचणीच्या फायली म्हणून उघड दप्तरातच आले होते, तरी कोणाला संशय आला नाही. त्या तुकड्यांना जागे करणाऱ्या ओळी मात्र फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होत्या, दप्तरात नव्हत्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर एक काम सुमारे अर्धा सेकंद जास्त रेंगाळताना दिसले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते चोरापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी सर्वांना सावध केले.

आपले बँकेतले पैसे, रेल्वेचे आरक्षण, मोबाइलवरचे निरोप हे सगळे आज अशा असंख्य अनोळखी माणसांच्या ओळींवर चालते. त्यांनी आपला प्रत्येक बदल नावानिशी आणि कारणासह जाहीर करावा, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू ऐकणाऱ्यांची. ढोल वाजत असताना चावडीवरचे सगळेच पेंगत असतील, तर दवंडीवाल्याने तरी काय करावे?