रोमची रिबेका आणि वऱ्हाडचे गहाण

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सकाळ घालवायची आणि दुपारी बिर्याणीवर ताव मारायचा, हा परभणीकरांचा जुना परिपाठ आहे. तेथील ‘अवगुंठित रिबेका’पुढे गर्दी असते. संगमरवराचा चेहरा आणि त्यावर संगमरवराचाच झिरझिरीत पदर! बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी, म्हणजे दिवाण मीर तुराब अली खानांनी, १८७६ मध्ये रोमला विकत घेतली. दगडाचे वस्त्र कसे घडवले असेल याचे नवल सर्वांनाच वाटते. आम्हांस मात्र दिवाणसाहेब युरोपात का गेले होते, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. कारण त्याचे एक मूळ आमच्याच मुलखात आहे.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. तेथील छावणीत निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली कंटिंजंट फौज राहत असे. अशा छावण्यांचे पगार थकले, कर्ज फुगले, आणि मे १८५३ च्या तहाने पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड कंपनीकडे लावून द्यावे लागले. तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग दिवाण झाले. कारभार हाती घेतला तो या गहाणासकट. पुढे सत्तावन सालात त्यांनी हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राखले. त्याचे फळ म्हणून १८६० मध्ये धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, वऱ्हाड राहिलेच. फौजेच्या खर्चासाठी भांडवल ठेव म्हणून देतो, असेही त्यांनी सुचवून पाहिले. सरकार बधले नाही.

म्हणून १८७६ ची ती विलायतवारी निव्वळ हौसेची नव्हती. पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले, तरी दिवाणांनी लंडन गाठले. ऑक्सफर्डने सन्मान्य पदवी दिली, लंडन शहराने मानाचे नागरिकत्व दिले, मेजवान्यांना तर तोटाच नव्हता. ताटात सारे काही वाढले गेले. वऱ्हाड तेवढे नाही. इकडे व्हाइसरॉय लिटन यांना तर हा दिवाणच खुपत होता.

आम्ही या प्रकरणाकडे हळहळीने पाहत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यांच्या कारभाराला शिस्त लावणारी १८६५ ची जिल्हाबंदी सालारजंगांचीच, आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु वऱ्हाडच्या कुणब्याला निजामाकडे परतायचे आहे का, हे ना हैदराबादेत कोणी विचारले, ना लंडनात. जमीन होती, तिचा वसूल होता. माणसे त्या हिशेबात नव्हती.

सालारजंग १८८३ मध्ये वारले. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्याच वर्षी हिंगोलीची छावणी उठली. त्यांच्या नातवाच्या, तिसऱ्या सालारजंगांच्या, निधनानंतर घराण्याचा संग्रह १९५१ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. पाचच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, परभणी आणि वऱ्हाड दोन्ही मुंबई राज्यात आले. रिबेका हैदराबादेतच राहिली, आंध्र प्रदेशच्या नव्या राजधानीत.