चार वर्षांची सवलत

आपल्या चळवळीत बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी मुखोद्गत नसलेला कार्यकर्ता सापडणे कठीण. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. जयंतीच्या व्यासपीठावरून ही अक्षरे एका दमात उच्चारली जातात आणि समोर बसलेल्या पोरांच्या छातीत अभिमान दाटतो. हा अभिमान हक्काचा आहे. परंतु एका दमात उच्चारल्यामुळे त्या अक्षरांमधली अंतरे पुसली जातात, आणि आपला खरा इतिहास तर त्या अंतरांत आहे. लंडनच्या शाळेत १९१६ साली नाव घातलेल्या विद्यार्थ्याला तिथली शेवटची पदवी १९२३ च्या नोव्हेंबरात का मिळाली? न्यूयॉर्कला १९१३ साली दाखल झालेल्या माणसाला तिथली डॉक्टरेट विधिवत मिळायला १९२७ साल का उजाडले? बुद्धी कमी पडली असे कुणी म्हणणार नाही. मग ही वर्षे कुणी खाल्ली?

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. म्हणजे विद्यापीठाने दार उघडले, पण त्या दारातून आत जाताना पायाला एक दोरी बांधलेली होती. सयाजीरावांचे ऋण बाबासाहेबांनी कधी नाकारले नाही. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी शिक्षणातील साहाय्याची कृतज्ञता म्हणून महाराजांनाच अर्पण केला. तरीही ऋण ते ऋण, आणि दोरी ती दोरी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे धैर्य इतिहास लिहिणाराने बाळगले पाहिजे.

१९१५ साली एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि दोन ठिकाणी नाव घातले : कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. तिथे हॉबहाऊस यांच्याकडे समाजशास्त्र, मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार असा अभ्यास सुरू झाला. शुल्क दहा पौंड दहा शिलिंग. एक वर्षही पुरते झाले नाही तोच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि परत बोलावणे आले.

इथे त्या कागदाचा प्रवेश होतो, ज्यासाठी हा लेख लिहीत आहे. १९१७ च्या जुलैत लंडन विद्यापीठाने या विद्यार्थ्याला चार वर्षांपर्यंत अनुपस्थित राहण्याची परवानगी दिली. चार वर्षांच्या आत परत आलात तर अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे चालू करता येईल, एवढाच तिचा अर्थ. सवलत उदार होती, यात शंका नाही. त्या परवानगीने जागा राखली. परंतु जागा राखणे आणि त्या जागेवर परत येऊन बसता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाच्या दप्तरात ज्याची एक ओळ झाली, त्याची माणसाच्या आयुष्यात तीन वर्षे झाली.

ती तीन वर्षे कशी गेली हे आपण जाणतो, पण ती या ओळीच्या शेजारी ठेवून कधी वाचत नाही. महायुद्ध चालू होते. बाबासाहेब एका बोटीने निघाले आणि सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे हाती आले त्यांतून घरखर्च आणि बडोद्याचे भाडे निघाले. बडोद्यात राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून पारश्यांच्या सराईत अकरा दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. शेवटी कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. कोलंबियाच्या पदवीधराला, लंडनमध्ये जागा राखून ठेवलेल्या विद्यार्थ्याला, बडोद्यात एक खोली राखता आली नाही. विद्यापीठ चार वर्षे थांबायला तयार होते. जात बारावा दिवस थांबली नाही.

मुंबईत शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणाराची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली, ती १९२० च्या मार्चपर्यंत चालली. तो पगार कुणाचा होता? अर्धा चाळीतल्या संसाराचा आणि अर्धा लंडनच्या त्या राखलेल्या जागेचा. रमाबाईंनी परळच्या खोलीत काटकसरीने घर चालवले, त्यातून बोटीचे भाडे साठले. आपण चरित्रे लिहितो तेव्हा रमाबाईंच्या त्यागाला शब्दफुले वाहतो. मी म्हणतो, फुले राहू द्या. हिशेब मांडा. त्या सवलतीचे व्याज त्या माउलीने भरले आहे.

आणि एवढे करूनही पुरले नाही. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचे कर्ज, असे करून बाबासाहेब १९२० च्या जुलैत पुन्हा निघाले. बडोद्यात काठ्या पारशांनीच उगारल्या होत्या आणि कर्जही पारशी मित्रानेच दिले. समाजाला एका रंगात रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मधली वर्षे रिकामी गेली होती का? १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष झाली. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. विद्यापीठाच्या कागदावर ज्या काळाला ‘अनुपस्थिती’ म्हटले आहे, त्याच काळात अस्पृश्यांचा सार्वजनिक आवाज उपस्थित झाला. याचे गुण कोणत्या गुणपत्रिकेत मोजायचे?

आता दुसरा प्रश्न. आधी केलेल्या अभ्यासाची किंमत काय? १९२० साली कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची शिफारस केली. फॉक्सवेल यांनी नोव्हेंबरात शाळेच्या सचिव श्रीमती मेअर यांना कळवले, त्याचा आशय असा की, या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, ते केवळ संशोधन पुरे करायला आले आहेत आणि जिंकण्यासारखे त्यांना इथे काही उरलेले नाही. गौरव मोठाच. परंतु कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून दिल्याखेरीज पदवी विधिवत मिळत नसे, आणि छापायला पैसा लागतो. म्हणून फॉक्सवेल ज्यांना डॉक्टर समजत होते त्यांच्या हाती ती पदवी नव्हती. ती यायला १९२५ चा ग्रंथ आणि १९२७ साल यावे लागले. ज्ञान पुरे झाले होते. छपाईचे बिल बाकी होते. गरिबाच्या विद्येत आणि पदवीत एवढेच अंतर असते, आणि ते अकरा वर्षांचे असू शकते.

लंडनला त्यांनी एम.एस्सी.साठीच पुन्हा नाव घातले. शुल्क आता अकरा पौंड अकरा शिलिंग झाले होते. विषय घेतला साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणाचा. १९२५ चा कोलंबियाचा ग्रंथही प्रांतिक अर्थव्यवस्थेचाच. म्हणजे आधीच्या अभ्यासाला कुणी सूट देईल याची वाट न पाहता एकाच खाणीतला दगड त्यांनी दोन इमारतींना लावला. १९२१ साली एम.एस्सी. झाली, १९२२ साली बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये दिला, तो जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. तो ब्रिटिशविरोधी होता म्हणून अडवला असे आपल्याकडे सांगतात. त्या शाळेने आपल्या दप्तराच्या आधारे म्हटले आहे की, तसा उल्लेख तिथे आढळत नाही. आपल्याला प्रिय असलेली गोष्टही पुराव्याला घासून घ्यावी, हीच बाबासाहेबांची शिकवण. ते मुंबईस परतले, प्रबंध सुधारला, ऑगस्टमध्ये पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबरात मान्य झाला.

या अनुभवाचे बाबासाहेबांनी काय केले? मध्यवर्ती सरकारात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाखांच्या शिष्यवृत्त्या मंजूर करून घेतल्या. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि सकाळचे वर्ग ठेवले, जेणेकरून कारकून, मजूर पोरांना शिकून कामावर जाता यावे. शिक्षण सोडून कमवायला जा आणि मग परत ये, हा क्रमच त्यांनी मोडला. अनुपस्थितीची सवलत देण्यापेक्षा उपस्थितीची सोय केली. ज्याने खंड सोसला तोच हे करू जाणे.

आज ही कथा जुनी झाली आहे काय? २०२१ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी काढली. मध्येच शिक्षण सोडा, मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतील, असे तिचे आश्वासन. चाराची सात झाली. परंतु भाड्याचे, खोलीचे, घरी मागे राहणाऱ्या रमाबाईचे काय, याबद्दल पेढी गप्प आहे. आणि २०२५ च्या जुलैत केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आधी चाळीसांनाच पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी असेल तेव्हा, असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती, वर्ग सुरू होण्याची तारीख ठरलेली, आणि सरकारचा निधी ‘असेल तेव्हा’. असा विद्यार्थी विद्यापीठाला ‘माझी जागा पुढच्या वर्षी ठेवा’ असे लिहितो. सुखवस्तू घरातला मुलगा हेच वाक्य लिहितो तेव्हा त्याचा अर्थ वर्षभर अनुभव घेतो असा असतो. आपल्या मुलाच्या लेखणीतून तेच वाक्य उतरते तेव्हा त्याच्या पाठीमागे सावकार, म्हातारे आईबाप आणि लग्नाला आलेली बहीण उभी असते.

म्हणून जयंतीच्या व्यासपीठावरून पदव्या जरूर मोजा, पण वर्षेही मोजा. बाबासाहेब परतू शकले हा त्यांच्या चिकाटीचा पुरावा आहे. परतण्यासाठी तेवढी चिकाटी लागावी, हा व्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे. पहिला पुरावा आपण शंभर वर्षे सादर करीत आलो. दुसरा अजून दाखल व्हायचा आहे. आणि जे राखलेल्या जागेवर परत येऊ शकले नाहीत, त्यांची तर यादीही कुणी केलेली नाही. ती करणे हे आपल्या इतिहासलेखकांचे उरलेले काम आहे.