मोटारसायकल आणि ग्रामीण आरोग्यसेवा

मोटारसायकल आणि ग्रामीण आरोग्यसेवा : चारचाकी वाहन जिथे पोहोचत नाही, उशिरा पोहोचते किंवा परवडत नाही, अशा वस्त्यांपर्यंत आरोग्य कर्मचारी, लस, औषधे, तपासणीचे नमुने आणि प्रसंगी रुग्ण यांची दुचाकीवरून ने-आण करण्याची व्यवस्था. लेसोथो, गांबिया, झिंबाब्वे, मलावी इ. आफ्रिकी देशांत ती १९८०च्या दशकाअखेरीपासून आकाराला आली. महाराष्ट्रात तिचे सरकारी रूप म्हणजे ‘१०८’ सेवेतील बाइक अँब्युलन्स. मुंबईत सुरू झालेली ही सेवा पुढे वऱ्हाडात मेळघाटात आली. अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या डोंगरकडेच्या तालुक्यात मात्र आरोग्ययंत्रणेतली दुचाकी मुख्यतः कर्मचाऱ्यांची रोजची गाडी म्हणून दिसते.

उपयोगाचे प्रकार : दुचाकीची कामे तीन प्रकारची असतात. पहिले, कर्मचाऱ्याला रुग्णापर्यंत नेणे : परिचारिका, आरोग्यसेवक, कुष्ठरोग किंवा क्षयरोग कार्यक्रमातील कर्मचारी यांच्या गृहभेटी. दुसरे, वस्तूंची ने-आण : लस, रक्तपिशव्या, थुंकीचे व रक्ताचे नमुने, तपासणीचे अहवाल. तिसरे, तातडीची मदत : प्रथमोपचाराची पेटी घेऊन डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी रुग्णवाहिकेच्या आधी जाऊन पोहोचतो, किंवा साइडकार अथवा जोडगाडीतून रुग्णच हलवला जातो. लोकांच्या डोळ्यांत भरतो तो तिसरा प्रकार. पण दुचाकीचा खरा आणि सातत्याचा उपयोग पहिल्या दोन प्रकारांत होतो. रुग्णाला झोपवून नेण्याचे काम तिच्याच्याने फारसे होत नाही. भारतातील रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ या मानकातही ‘अ’ प्रकारचे वाहन हे जागेवर पोहोचून उपचार सुरू करणारे मानले आहे. रुग्णाला आडवे झोपवून नेण्याची सोय त्यात अपेक्षित नाही.

आफ्रिकेतील अनुभव : पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व फ्रेंच सैन्यांनी जखमींसाठी साइडकारच्या मोटारसायकली वापरल्या होत्या. नागरी आरोग्यसेवेत या कल्पनेला शिस्त आली ती ‘रायडर्स फॉर हेल्थ’ या संस्थेमुळे. १९८८ मध्ये ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन आणि अमेरिकन मोटारसायकल शर्यतपटू रँडी मामोला सोमालियात गेले. आरोग्यकार्यासाठी देणगीतून मिळालेल्या मोटारसायकली तिथे आवारात नादुरुस्त पडून होत्या. गाड्या जुन्या नव्हत्या. त्यांचे तेल बदलले गेले नव्हते, साखळी ताणली गेली नव्हती, किरकोळ सुटे भाग मिळाले नव्हते आणि चालवणाऱ्याला हे कोणी शिकवलेही नव्हते. त्यातून बॅरी व अँड्रिया कोलमन आणि मामोला यांनी उभारलेल्या कामाला १९९६ मध्ये स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. गाडी बंद पडल्यावर ती दुरुस्त करायची नाही, तर ती बंदच पडू द्यायची नाही, हे या संस्थेचे मुख्य सूत्र. ठरावीक अंतराला ठरावीक भाग झिजो वा न झिजो बदलायचे, तंत्रज्ञाने कर्मचाऱ्याच्या गावाजवळ जाऊन सर्व्हिसिंग करायचे आणि प्रत्येक चालकाने रोज सकाळी गाडी तपासायची, अशी ही पद्धत आहे.

लेसोथो हा सगळा देश समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरपेक्षा उंच आहे. तिथल्या डोंगरी दवाखान्यांतून जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेकडे रक्ताचे व थुंकीचे नमुने नेण्यासाठी दुचाकीस्वारांची साखळी उभी राहिली. एचआयव्ही आणि क्षयरोग यांचा मोठा भार असलेल्या या देशात नमुना वेळेत पोहोचणे आणि अहवाल परत येणे यावरच उपचाराची सुरुवात अवलंबून असते. नायजेरियातील लागोस येथे २०१६ पासून ‘लाइफबँक’ ही कंपनी मोटारसायकलवरून रुग्णालयांना रक्त पोहोचवते. तिथे अडचण रस्त्याच्या अभावाची नसून वाहनांच्या कोंडीची आहे.

रुग्ण नेण्याच्या प्रयोगांपैकी मलावीतील मंगोची जिल्ह्याचा अभ्यास नेमका आहे. तीन ग्रामीण आरोग्यकेंद्रांना साइडकारच्या मोटारसायकल-रुग्णवाहिका देऊन अडलेल्या बाळंतिणींना जिल्हा रुग्णालयात पाठवण्यास लागणारा वेळ मोजला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा विलंब केंद्रानुसार २ ते ४.५ तासांनी, म्हणजे ३५ ते ७६ टक्क्यांनी घटला. मोटार-रुग्णवाहिकेच्या तुलनेत खरेदीची किंमत सुमारे १९ पटींनी आणि चालवण्याचा खर्च सुमारे २४ पटींनी कमी होता. मातामृत्यूच्या अभ्यासात तीन विलंब मानले जातात : घरातून निघण्याचा निर्णय, रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि रुग्णालयातील उपचार. दुचाकीचा उपाय यांपैकी फक्त दुसऱ्या विलंबावर चालतो. घरातला निर्णय लांबला, किंवा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला, तर तिथे गाडीचा काही उपयोग होत नाही.

भारत व महाराष्ट्र : पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील चहामळ्याचे कामगार करीमुल हक यांनी, वेळेवर वाहन न मिळाल्याने आई गमावल्यानंतर, स्वतःच्या मोटारसायकलवरून रुग्ण नेण्यास सुरुवात केली. त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. कर्नाटकाने एप्रिल २०१५ मध्ये शहरांसाठी बाइक अँब्युलन्स सुरू केल्या. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात जंगलातील गावांसाठी साइडकारसारखी जोडणी असलेली दुचाकी वापरली गेली. केंद्रीय राखीव पोलीस दलाला जानेवारी २०२१ मध्ये ‘रक्षिता’ ही दुचाकी रुग्णवाहिका देण्यात आली. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या प्रयोगशाळेने ती नक्षलग्रस्त भागासाठी तयार केली होती.

महाराष्ट्रात ‘१०८’ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांत २३३ प्रगत व ७०४ प्राथमिक जीवनरक्षक रुग्णवाहिका होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य. याच सेवेत २ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत दहा बाइक अँब्युलन्स दाखल झाल्या. गाडी चालवणारा स्वतःच डॉक्टर असतो. सोबत ऑक्सिजन सिलिंडर, प्रथमोपचाराचे साहित्य आणि तातडीची औषधे असतात. पुढे पालघर जिल्हा आणि मेळघाट येथेही अशा गाड्या देण्यात आल्या. मुंबईत ही गाडी गल्ल्या आणि कोंडी यांच्यावरचा उपाय होती. मेळघाटात तिच्यासमोर घाट, जंगल आणि विरळ वस्ती आली, आणि गाडी तीच राहूनही काम बदलले.

मेळघाट : सातपुड्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वस्ती मुख्यतः कोरकू. १९८५ च्या सुमारास डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला आले, तेव्हा तिथे पोहोचायला सुमारे ४० किमी. पायपीट करावी लागे. आज बहुतेक मोठ्या गावांना रस्ता आहे. पण पावसाळ्यात नाल्यांना पूर आला, रपट्यावरून पाणी गेले, की कित्येक गावे तुटतात. मोबाइलची रेंज नसेल तर ‘१०८’ला फोनच लागत नाही. रुग्णाला खाटेवर किंवा झोळीत घालून धड रस्त्यापर्यंत आणणे हा मग पहिला टप्पा ठरतो. दुचाकीवरचा डॉक्टर याच टप्प्यात उपयोगी पडतो. रुग्ण रस्त्याला लागेपर्यंत सलाईन, ऑक्सिजन, रक्तस्राव थांबवणे ही कामे सुरू होतात आणि मोठी गाडी पुढच्या प्रवासासाठी येते.

मेळघाटात दुचाकी हा एकमेव मार्ग नाही. नवसंजीवनी योजनेतील भरारी पथके गावोगाव फिरतात. दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रीला प्रसूतीआधी काही दिवस आरोग्यकेंद्राजवळ आणून ठेवणारी ‘माहेरघर’ योजना तर तातडीचा प्रवासच टाळते. अडलेली बाई डोंगरातून आणण्यापेक्षा ती आधीच दवाखान्याशेजारी असणे केव्हाही चांगले. त्यामुळे माहेरघर जिथे नीट चालते, तिथे बाळंतपणासाठी बाइक अँब्युलन्सवर पडणारा भार कमी होतो.

पातूर तालुका : पातूर हे अकोल्याच्या दक्षिणेस, अकोला–वाशीम मार्गावर आहे. तालुक्याचा उत्तर भाग काळ्या मातीच्या सपाटीकडे उतरतो. दक्षिणेला अजिंठा डोंगररांगेचे फाटे, पातूरचा घाट आणि आलेगावच्या बाजूचे जंगल आहे. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. आरोग्यकेंद्रांच्या मंजुरीचे निकष सर्वसाधारण भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असे आहेत. आदिवासी व डोंगरी भागांसाठी ते अनुक्रमे २०,००० आणि ३,००० आहेत. ज्या तालुक्याचा अर्धा भाग सपाट आणि अर्धा डोंगरी, तिथे सरासरीत डोंगरकडेची गावे झाकली जातात. उपकेंद्र ते शेवटची वस्ती हे अंतर मग सिस्टर आणि आशा कार्यकर्ती यांना गाठावे लागते.

दुचाकीचे रोजचे काम लसीकरणाच्या दिवशी जवळून पाहता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आइस-लाइन्ड फ्रीजमध्ये लस अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस तापमानात असते. सकाळी बर्फाचे चार पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवतात. पॅक कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मगच तो निळ्या लसपेटीत घालायचा. कडक गोठलेला पॅक घातला तर पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लसी गोठून निकामी होतात. कुपी पिशवीत बंद करून मधोमध ठेवल्या, की पेटी गाडीच्या मागच्या सीटवर रबरी पट्ट्याने बांधली जाते किंवा मागे बसलेला माणूस ती मांडीवर धरतो. केंद्रातून सत्राच्या जागेवर लस पोहोचवण्याचे हे काम ‘पर्यायी लसपुरवठा’ म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमातच धरलेले असून त्यासाठी फेरीमागे मोबदला दिला जातो. संध्याकाळी पेटी परत येते, उघडलेल्या कुपींची नोंद होते. हाच स्वार वाटेतल्या उपकेंद्रातून थुंकीचे नमुने उचलून ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्र असलेल्या ठिकाणी देऊ शकतो.

जुलै-ऑगस्टात हेच अंतर अवघड होते. पांदण रस्त्यावरची ओली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते, चाक फिरेनासे होते आणि काडीने किंवा सळईने ती उकरून काढत जावे लागते. पुढचे मडगार्ड वर उचलून बसवलेली किंवा काढूनच टाकलेली गाडी या भागात दिसते ती यामुळे. हलकी, कमी सीसीची, सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळणारी गाडी इथे दणकट पण जड गाडीपेक्षा कामाची ठरते. चिखलात रुतली तर एकट्याला उचलता आली पाहिजे.

सर्पदंश : पेरणी ते सोंगणी या काळात वऱ्हाडात नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा दंश हे दुचाकीच्या तातडीच्या वापराचे एक महत्त्वाचे कारण आहे. दंशावरचा एकमेव खरा उपाय म्हणजे सर्पविषविरोधी औषध (प्रतिविष), आणि ते आरोग्यकेंद्रात किंवा रुग्णालयातच मिळते. आग्नेय नेपाळमधील दमक परिसरात चार गावांत स्वयंसेवकांनी सर्पदंशाचे रुग्ण मोटारसायकलवरून उपचारकेंद्रात नेण्याचा आणि लोकशिक्षणाचा कार्यक्रम राबवला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. पद्धत साधी होती : रुग्ण मध्ये, पुढे चालक आणि मागे त्याला धरणारा तिसरा माणूस. नाग किंवा मण्यारच्या विषाने पापण्या मिटू लागतात, मान टाकली जाते, श्वास अडखळतो. मागचा माणूस नसेल तर असा रुग्ण गाडीवरून पडतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते. जीव वाचवणारी ‘ट्रिपल सीट’ कायद्याच्या चौकटीबाहेर राहते. पातूरच्या रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज लागली तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे लागते. हा पुढचा टप्पा दुचाकीचा नव्हे, रुग्णवाहिकेचा.

मर्यादा : डोक्याला वा पाठीच्या कण्याला मार लागलेला, बेशुद्ध, किंवा प्रसूतीच्या अखेरच्या अवस्थेत असलेला रुग्ण दुचाकीवर बसवणे धोक्याचे आहे. साइडकार किंवा जोडगाडी लावली तर रुग्ण झोपू शकतो, पण गाडीची रुंदी वाढून पायवाटेवर जाण्याचा मूळ फायदाच जातो. अपघाताचा सर्वाधिक धोका स्वाराला असतो. हेल्मेट आणि कच्च्या रस्त्यावर गाडी चालवण्याचे प्रशिक्षण यांना म्हणूनच पर्याय नाही. गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. आशाला वाहन मिळत नाही. नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मुलाच्या गाडीवर मागे बसून गृहभेटी करणे हे नित्याचे. अशा वेळी सेवेचे वेळापत्रक घरातल्या गाडीच्या फुरसतीवर ठरते. आफ्रिकेतील कार्यक्रमांनी परिचारिकांना स्वतः गाडी चालवायला आणि सकाळची तपासणी करायला शिकवले, ते याच कारणाने.

मूल्यमापन : पेट्रोल, तेल, साखळीचा ताण, नट-बोल्ट आणि ब्रेक एवढी तपासणी रोज पाच-दहा मिनिटांत होते. तिच्यासाठी ना मोठे गॅरेज लागते ना मोठा निधी; मात्र सुट्या भागांचा खर्च आणि पेट्रोलचा भत्ता अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा लागतो. गाड्या खरेदी करण्यासाठी देणगीदार आणि योजना मिळतात, चालू खर्चासाठी मिळत नाहीत. बंद पडलेल्या बहुतेक उपक्रमांच्या मुळाशी हे कारण असते. त्यामुळे अशा सेवेचे मोजमाप उद्घाटनाच्या दिवशी रांगेत उभ्या केलेल्या गाड्यांवरून करून चालत नाही. महिन्यात किती दिवस गाडी रस्त्यावर होती, किती लसीकरण सत्रे रद्द झाली नाहीत आणि किती नमुने खराब न होता प्रयोगशाळेत पोहोचले, हे आकडे त्यासाठी पाहावे लागतात.