स्पॅम, १७६३ आणि मामाचं झेरॉक्सचं दुकान

मी नांदेडला बीटेक करत होतो तेव्हाची गोष्ट. लातूरला मामाचं झेरॉक्सचं दुकान. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत पोरं मार्कशीट मेल करायची, मामा थंडरबर्ड उघडून प्रिंट मारायचा. एका पोराचा मेल दोन दिवस जंकमध्ये पडून राहिला. फॉर्मची तारीख गेली.

आता जरा मागे जाऊ. ३ मे १९७८. गॅरी थुअर्कनं अर्पानेटवर जवळपास ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात धाडली. पहिला स्पॅम तोच मानतात. पुढे ठरावीक शब्द असलेले मेल अडवायला लागले, तर स्पॅमवाले स्पेलिंगच बदलायचे! २००२ मध्ये पॉल ग्रॅहमनं लिहिलं, थॉमस बेझचं संभाव्यतेचं गणित वापरा. ते छापलं होतं १७६३ मध्ये! कुठला शब्द नकोशा मेलमध्ये किती येतो आणि हव्याशा मेलमध्ये किती, हे तुमच्याच मेलवरून मोजायचं. थंडरबर्डचा फिल्टर याच घरातला.

आणि मामा? तो फक्त 'जंक' दाबायचा, 'नॉट जंक' कधीच नाही. फिल्टरला एकच बाजू शिकवलेली. अ‍ॅड्रेस बुकमधल्यांना सूट होती, पण रोज नवी पोरं, ती त्यात कुठून असणार? एक अख्खी संध्याकाळ बसून मी मार्कशीटचे जुने मेल 'नॉट जंक' केले. त्या पोराला मात्र पुढच्या राऊंडपर्यंत थांबावं लागलं.