चवदार तळे आणि नगरपालिकेचा ठराव

चवदार तळ्याचा इतिहास आपण २० मार्च १९२७ पासून सांगतो. पण त्याआधी नगरपालिकेचा एक ठराव आहे. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये बोले ठराव मंजूर झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले केले. तीन वर्षे हा निर्णय कागदावरच राहिला. त्याची अंमलबजावणी केली ती बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून चालत गेलेल्या आपल्या पूर्वजांनी. मग त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी ठराव रद्द केला! उच्च न्यायालयात न्याय मिळायला १९३७ साल उजाडले.

मुंबईत २०२२ पर्यंत नळ देताना जात विचारत नसत, झोपडीची तारीख विचारत असत. अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे, असे उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. तरी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आयाबहिणी आम्हाला वस्त्यांत रोज भेटतात.

महाडचा धडा हाच, की सभागृहातला ठराव आपोआप नळाला येत नाही आणि लक्ष नसेल तर मागेही घेतला जातो. म्हणून २० मार्चला महाडला जाऊच, पण परतल्यावर आपल्या वॉर्ड ऑफिसातही जाऊ.

जय भीम!