तावदान बदलताना

खिडकीची काच फुटली की घरातला पहिला प्रश्न असतो, कुणी फोडली. दुसरा, काचवाल्याचा नंबर कुणाकडे आहे. काच का फुटली हे सहसा कुणी पाहत नाही, आणि नवी कोणती बसवायची याचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

नागपूरच्या आमच्या पश्चिमेच्या खोलीतली ब्राऊन काच मे महिन्यातल्या एका दुपारी आपोआप तडकली. दगड लागला असता तर लागल्या जागेपासून चहूकडे रेषा फुटल्या असत्या. इथे तडा एकच होता. चौकटीतून काटकोनात निघून तो बोटभर सरळ आत आला होता आणि मग नागमोडी वळला होता. ही उष्णतेच्या ताणाची खूण. रंगीत काच ऊन शोषते. तिचा मधला भाग तापून पसरू पाहतो, रबरात दडलेली कड मात्र त्यामानाने थंड राहते आणि ओढली जाते. काच दाब भरपूर सोसते, ओढ फारशी सोसत नाही. त्यात कापलेल्या कडेला बारीक खाचा असतातच. आम्ही तर ऊन अडवायचं म्हणून आतून थर्माकोल लावून उष्णता कोंडायची सोयच करून ठेवली होती. काचवाला तशीच ब्राऊन काच घेऊन दारात उभा राहिला. ती बसवली असती तर पुढच्या मेमध्ये तिचीही तीच गत.

जाडीचं गणित समजायला सोपं आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ चा घन ६४, ५ चा १२५. म्हणजे एका मिलिमीटरने ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. बाजारात ३.५ मिलिमीटरची काचही सर्रास मिळते, तेव्हा चार म्हणून तीच गळ्यात पडत नाही ना, हे कडेला पट्टी लावून बघावं. हा ताठपणा वाऱ्यासाठी लागतो, आणि वारा ही काही पुस्तकी भीती नव्हे. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरमागे सुमारे १,१६० न्यूटन होतो, म्हणजे तावदानावर दोन माणसं रेलल्यासारखं.

टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायमचा दाबात राहतो. उष्णतेचा ताणही ती कितीतरी जास्त सोसते. पण वाकते मात्र साध्या काचेइतकीच; ताठपणा हवा असेल तर जाडीच वाढवावी लागते. ‘टफन म्हणजे सेफ’ हे दुकानातलं वाक्यही अर्धंच खरं. फुटल्यावर तिचे बोथट बारीक तुकडे होतात, हात कापत नाही, हे बरोबर. पण सातव्या मजल्यावर ते तुकडे खाली जातात आणि घरात राहतं मोकळं भगदाड. खिडकीचा कट्टा बुटका असेल आणि घरात लहान मूल असेल, तर मी लॅमिनेटेडच घेईन. तिच्या दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा असतो. फुटली तरी तुकडे त्याला चिकटून जागेवर राहतात.

आता ऊन. इथे विक्रेते दुहेरी काच पुढे करतात, म्हणजे दोन काचा आणि मध्ये बंदिस्त हवा. हिशेब मांडून पाहू. बाहेर ४२ अंश, आत एसीमुळे २६. एकेरी काचेतून केवळ तापमानातल्या फरकामुळे चौरस मीटरमागे सुमारे ९० वॅट उष्णता आत येते, दुहेरीतून ४५. फायदा निम्म्याचा, ऐकायला झकास. पण पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चारनंतर ६०० वॅट ऊन पडतं असं धरलं, तर साध्या काचेतून त्यातलं ४९० आत शिरतं आणि साध्या दुहेरी काचेतूनही ४२० च्या आसपास. म्हणजे एकूण ५८० च्या जागी ४६५. बाहेरून टांगलेली बांबूची चिक निम्म्याहून अधिक ऊन काचेवर पडूच देत नाही. एकेरी काच असूनही बेरीज साडेतीनशेच्या खाली येते. उष्णता रोखणारा लेप दिलेली काच हे काम करते, पण ती महाग आणि तिने उजेडही कमी होतो. आरशासारखी काच दिवसा आतलं झाकते, रात्री दिवा लावला की सगळं घर रस्त्यावर.

दिशा इथे निर्णायक ठरते. मे महिन्यात सूर्य नागपूर-पुण्यात जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला वरचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, त्याला छज्जा काय करणार? आणि मुंबई-कोकणात तर खिडकी उघडीच असते. घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, इको निवास संहिता, उष्ण-दमट प्रदेशात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के उघडता येणारी जागा मागते. दिवसभर उघड्या असणाऱ्या खिडकीला दुहेरी काच लावणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून कुलूप भारीतलं घेणं.

आवाजाचंही तसंच. चार फूट बाय चार फूट सरकत्या खिडकीच्या चारही बाजूंना एक सूत फट असेल, तर ती २४ चौरस इंच भरते, खिडकीच्या एक टक्का. तेवढ्या फटीमुळे काच कितीही जाड घेतली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. आधी झिजलेली ब्रशपट्टी बदलावी, मग लॅमिनेटेडचा विचार.

शेवटी जुनी चौकट काय पेलेल तेही बघायचं. काचेचं वजन दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो. पाचाच्या दोन काचा आणि मध्ये १२ ची पोकळी म्हणजे २२ मिलिमीटर जाडी, २५ किलो वजन. पाचासाठी केलेल्या खाचेत ती बसत नाही आणि खालची चाकं रडायला लागतात.

आम्ही पाच मिलिमीटरची साधी पारदर्शक टफन लावली आणि बाहेरून चिक. टफन काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, म्हणून उंची-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत लहान माप धरायचं आणि त्यातूनही थोडं सोडायचं. पहिल्या खेपेला मी एकाच ठिकाणी मोजलं होतं. ती काच आता दिवाणखान्यातल्या टीपॉयवर आहे.