मेलेल्या घोड्याचा पगार

घोड्याला कायमची खूण करायची तर ती कोणती, अंगावर कुठे आणि कशाने, हा प्रश्न वरवर पाहता नालबंदाचा किंवा अश्ववैद्याचा वाटतो. हिंदुस्थानात मात्र तो बहुतेक वेळा पगार वाटणाऱ्या कारकुनांनी सोडवला आहे. घोडा ओळखण्यासाठी म्हणून केलेल्या खुणा थोड्या. घोडा मेला, विकला किंवा बदलला तर सरकारला ते कळावे, यासाठी केलेल्या खुणाच जास्त सापडतात. घोडा जिवंत आणि डोळ्यांसमोर असेपर्यंत खुणेची गरज फारशी कोणाला पडत नाही. तो दिसेनासा झाला आणि त्याच्या नावाचा पैसा मात्र चालू राहिला, म्हणजे भांडण सुरू होते, आणि खुणेची निवड त्या भांडणावरून झालेली असते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा फरक स्पष्ट दिसतो. अश्वाध्यक्षाने राजाच्या घोड्यांची नोंद कशी करावी हे सांगताना तो कूळ, वय, रंग, अंगावरची चिन्हे आणि घोडा कोठून आला, या गोष्टी मोजतो. तबेल्यातल्या घोड्याला एवढे पुरत असे. जनावरे गुराख्यांच्या हाती सोपवून रानात पाठवायची असतील, तेव्हा मात्र नैसर्गिक चिन्हाखेरीज डागून केलेला अंकही तो मागतो. असे जनावर मेले तर गुराख्याने पुरावा आणायचा: गाईम्हशींच्या बाबतीत अंक असलेले कातडे, शेळ्यामेंढ्यांच्या बाबतीत खुणेचा कान, आणि घोडा, गाढव, उंट यांच्या बाबतीत अंकाच्या कातड्याबरोबर शेपूटही. म्हणजे अंक डागतानाच तो पुढे मेलेल्या अंगावरून कापून आणता यावा, हा विचार त्यात होता. सोळाव्या शतकात फर्नांव नुनिश हा पोर्तुगीज विजयनगरची हकीकत लिहितो, तेव्हा तेच शेपूट पुन्हा भेटते. होर्मुझहून येणारे घोडे राजा नरसिंह जिवंत-मेले सारखेच विकत घेई, आणि समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणले तरी व्यापाऱ्याला पूर्ण किंमत मिळे, असे तो सांगतो. त्या शेपटावर खूण होती की नाही हे तो लिहीत नाही. राजाला घोड्यांची एवढी निकड होती की दहा-पाच शेपटांवरून भांडत बसणे त्याला परवडले नसावे.

दिल्लीच्या सुलतानांना ते परवडत नव्हते, आणि याचे कारण बाजारभावात आहे. अलाउद्दीन खलजीने घोड्याला डाग आणि स्वाराचे हुलिया-वर्णन, अशी दुहेरी पद्धत चालू केली. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने त्या काळचे भाव दिले आहेत: पहिल्या प्रतीचा घोडा 100 ते 120 टंके, दुसऱ्या प्रतीचा 80 ते 90, तिसऱ्या प्रतीचा 65 ते 70, आणि लष्करात न चालणारे तट्टू 10 ते 25. एका स्वाराचा वर्षाचा पगार 234 टंके होता. हजिरीला चांगला घोडा दाखवून नंतर तो विकला आणि खाली तट्टू ठेवले, तर स्वाराच्या हाती चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आयती पडे. याला सैनिकाच्या स्वभावाचा दोष म्हणण्यात अर्थ नाही. एवढी तफावत असल्यावर ही चोरी होणारच होती. फिरोजशाह तुघलकाच्या काळात कडकपणा सैल झाला. त्याचा इतिहासकार अफीफ याने सांगितलेली गोष्ट अशी की, घोडा हजर करता येत नाही म्हणून एक शिपाई रडत असल्याचे सुलतानाच्या कानी पडले आणि सुलतानाने कारकुनाला द्यायला म्हणून त्याला स्वतःच एक टंका दिला. आपल्याच खजिन्याला फसवण्यासाठी लाच पुरवणारा राजा इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

शेरशाहने डाग पुन्हा चालू केला, पण खुणेच्या निवडीचा खरा तपशील मिळतो तो अकबराच्या काळात. 1573-74 च्या सुमारास त्याने दागाचा, म्हणजे डागाचा, कायदा आणला आणि शाहबाजखान कंबूने तो राबवला. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत खुणा कसकशा बदलत गेल्या ते नोंदवले आहे. आधी घोड्याच्या मानेवर उजवीकडे फारसी ‘सीन’ अक्षराच्या डोक्यासारखी खूण होती. मग उजव्या मांडीवर एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अलिफ आले. काही काळ दोरी उतरवलेल्या धनुष्याचा आकार चालला. शेवटी लोखंडाचे आकडे घडवून तेच मांडीवर डागायला सुरुवात झाली, आणि लबाडीला आळा घालायला हेच सर्वांत चांगले ठरले, असा त्याचा निर्वाळा आहे. मान सोडून मांडीकडे जाण्यात व्यवहार दिसतो: मांडी रुंद, आयाळ तिच्यावर येत नाही, आणि ओळीने उभ्या केलेल्या घोड्यांच्या मागून चालणाऱ्या कारकुनाला ती सहज दिसते. पण चित्राकडून आकड्याकडे जाणे हा याहून मोठा बदल होता. धनुष्याचा डाग एवढेच सांगतो की हा घोडा कधीतरी सरकारपुढे येऊन गेला. आकडा नोंदवहीशी जोडता येतो. पहिल्या हजिरीला 1, दुसऱ्या हजिरीला 2, असे आकडे चढत गेले आणि मांडी म्हणजे हजेरीची पावती झाली. पुढे तेही बदलून शहाजादे, मनसबदार, सुभेदार यांच्या घोड्यांना वेगवेगळे आकडे ठरवण्यात आले.

या शेवटच्या टप्प्यातला एक नियम नीट वाचण्यासारखा आहे. चढत्या आकड्यांच्या काळात बदललेला घोडा घेऊन स्वार आला की तंटा होई: स्वार पगार मागे मागील वेतनाच्या दिवसापासून, आणि पगाराचा हिशेब पाहणारा बक्षी मोजे नवा घोडा आला त्या दिवसापासून. नव्या पद्धतीत असे ठरले की मेलेल्या घोड्याच्या जागी येणाऱ्या घोड्याचे वर्णन लिहून घ्यावे आणि त्याच्या अंगावर मेलेल्याचाच आकडा डागावा. याचा अर्थ सरळ आहे. डाग घोड्याचा नव्हता, पगाराच्या यादीतल्या जागेचा होता. घोडा मरे, आकडा जिवंत राही. खूण घोड्याची ओळख पटवते असे आपण आज धरून चालतो. अकबराच्या बक्षींनी तिला वेगळेच काम दिले होते, आणि त्यांच्या गरजेपुरते ते बरोबरही होते.

यावर पहिला आक्षेप असा की वर्णन असताना चटका द्यायचाच कशाला? आपल्याकडे घोड्याच्या अंगावरील खुणा वाचण्याची विद्या जुनी आहे. अश्वशास्त्राच्या ग्रंथांत भोवऱ्यांवर प्रकरणे आहेत, आणि चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा बाजारात आजही भाव खातो. शुभाशुभ बाजूला ठेवले तरी या निरीक्षणात तथ्य आहे: भोवऱ्याची जागा घोडा म्हातारा होईपर्यंत बदलत नाही, म्हणून आजच्या घोड्यांच्या पासपोर्टातही भोवरे काढून दाखवतात. रंगाचे मात्र तसे नाही. सब्जा घोडा जन्मतो काळपट आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. पाच वर्षांपूर्वीचे वर्णन त्याला लागू पडत नाही. शिवाय वर्णन जुळवता येते. यादीतल्या वर्णनाशी जुळणारे घोडे स्वार भाड्याने आणून उभे करत, पण मांडीवर डाग नसल्याने पकडले जात, असे अबुल फजलच सांगतो. पंचवीस घोड्यांच्या तबेल्यात भोवरे पुरतात, हजारोंच्या हजिरीत पुरत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे, आणि तो अकबराच्याच काळच्या इतिहासकार बदायूनीचा आहे. डाग आला तरी लबाडी थांबली नाही. अमीर आपल्या नोकरांना शिपायाचे कपडे घालून हजिरीला आणत. विणकर, पिंजारी, सुतार उसन्या घोड्यांवर बसून डाग करून घेत आणि काम झाले की निघून जात. बादशहाने कपड्यांसकट या माणसांचे वजन करवले तेव्हा सगळे भाडोत्री निघाले, तरी त्यांना पगार द्यावाच लागला, असे तो लिहितो. दरबारातूनही विरोध झाला. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका दागाविरुद्ध बोलला म्हणून त्याला आग्र्याच्या त्याच्या बागेत नजरकैदेत राहावे लागले, आणि 1580 च्या बंगालमधील बंडामागे दागाची सक्ती हे एक कारण होते. बदायूनी अकबराचा कडवा टीकाकार, त्यामुळे त्याच्या मजकुरात मीठ-मिरची असणार; पण आरोप मुळातून खोटा ठरवायला आधार नाही. तरी त्यातून डाग निरुपयोगी होता असे निघत नाही. घोडा एकच असला आणि त्यावर सुतार बसवला, तर ती फसवणूक घोड्याच्या मांडीवर कधीच दिसणार नव्हती. आणि निरुपयोगी गोष्टीविरुद्ध अमीर बंड करत नाहीत.

मराठी वाचकाला इथे शिवाजी महाराजांची पागा आठवेल, आणि तिसरा आक्षेप तिच्यातूनच येतो: घोडा सरकारचाच असेल तर अदलाबदलीचा प्रश्न उरतोच कुठे? कृष्णाजी अनंत सभासदाच्या 1694 च्या बखरीप्रमाणे पागेचे बारगीर सरकारी घोड्यावर असत, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार पागेच्या हुकमतीत ठेवलेले होते. मोहिमेला निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहत. सभासदाने हे महाराजांच्या निधनानंतर जिंजीत बसून लिहिले, त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहार एवढा काटेकोर होता का, ही शंका रास्त आहे. पण त्याने जोर दिला आहे तो डागावर नाही, मालकीवर आणि रोजच्या नजरेवर, हे निश्चित. बारगिराला घोडा बदलून लाभ नव्हता, आणि पंचवीस घोडे ओळखणारे हवालदार आणि नालबंद तिथेच होते. उलट शिलेदाराचा घोडा हेच त्याचे भांडवल. तो पडला तर घर बसले, म्हणून शिलेदार घोडा जपून लढतो, अशी तक्रार पुढे इंग्रज निरीक्षकांनी वारंवार केली. म्हणजे कागद आणि लोखंड यांनी जे साधायचे, ते हितसंबंध बदलूनही साधता येते. मात्र त्यासाठी सरकारला घोडे स्वतः विकत घेऊन पोसावे लागतात, आणि पेशवाईत पसरलेल्या फौजांना ते झेपले नाही. शिलेदार वाढले, त्यांच्याबरोबर हजिरीची कटकटही वाढली.

इंग्रजांनी शिलेदारीच उचलून ‘सिलेदार’ रिसाले उभे केले. त्यांच्या लष्करात घोड्याच्या खुरावर पलटणीचा क्रमांक डागत. खूर दर महिन्याला साधारण सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून तो आकडा पुन्हापुन्हा काढावा लागे. मग अशी तात्पुरती जागा का निवडली? घोड्याला वेदना नाही, हे एक कारण. दुसरे म्हणजे घोडा मेल्यावर नालबंदाने कुऱ्हाडीने खूर तोडून आणायचा, तोच मृत्यूचा दाखला. अर्थशास्त्रातल्या शेपटापासून इथपर्यंत आपण फार पुढे आलो नाही.

आज पर्याय आहे तो मानेत टोचायच्या चिपचा. युरोपीय संघात जुलै 2009 पासून शिंगरांना ती सक्तीची आहे. चटक्याच्या तुलनेत चिप घोड्याला सुसह्य, त्यामुळे डागाची बाजू घ्यायचे कारण उरलेले नाही. पंधरा अंकी क्रमांक त्या एकाच घोड्याचा असतो. अकबराच्या आकड्यासारखा तो पुढच्या घोड्याकडे जात नाही. चिपने चोरीला गेलेला घोडा परत मिळतो, हेही खरे, जर कोणी वाचक-यंत्र लावून पाहिले तर. पण 2017 मध्ये स्पेनच्या पोलिसांनी 65 जणांना पकडले, तेव्हा खाण्यास अयोग्य घोड्यांचे मांस बाजारात घालण्यासाठी चिप बदलल्याचे आणि कागद खोटे केल्याचे उघड झाले. लबाडी पुन्हा मेलेल्या घोड्यापाशीच होती.

महाराष्ट्रात सारंगखेडा आणि माळेगावच्या यात्रांत घोड्यांची मोठी उलाढाल होते, आणि ग्लँडर्ससारख्या रोगात जनावर मारावे लागले तर मालकाला भरपाई द्यावी लागते. अशा ठिकाणी चिप टोचण्याचा आग्रह धरायला हरकत नाही. मात्र तो धरणाऱ्यांनी घोडा मेल्यावर त्याची नोंद किती दिवसांत, कोणी आणि कोणत्या पुराव्यावर बंद करायची, हे चिप विकत घेण्याआधी ठरवावे.